बान्शियाची खाज अर्कात नाही, गाळात शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिनी औषधांत वापरल्या जाणाऱ्या बान्शियाचे कच्चे कंद कुटताना हात चुरचुरले, मनगटावर लाली आली. म्हणून भुकटीचा मिथेनॉल अर्क काढला, फिल्टर केला, एचपीएलसीवर (द्रावणातली संयुगं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या यंत्रावर) चालवला. पीक्सची, म्हणजे एकेका संयुगाच्या उंचवट्यांची, लांबलचक रांग आली. यातलं त्वचेला झोंबणारं संयुग कोणतं आणि ते ओळखायचं कसं?

बहुधा यातलं एकही नाही. जे फिल्टर पेपरवर राहिलं आणि कचऱ्यात गेलं, त्यात ते होतं. वनस्पतीतलं काही त्रास देत असेल तर आपण सवयीने अर्क काढतो, अर्काचे भाग पाडतो, प्रत्येक भाग तपासतो आणि शेवटी एका शुद्ध संयुगावर बोट ठेवतो. ही रीत चांगली आहे, तिने मोठमोठे शोध लागले आहेत. पण तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे: त्रास देणारी गोष्ट द्रावकात विरघळते. बान्शियात नेमकं तेच खोटं ठरतं.

आधी वनस्पतीची ओळख. बान्शिया म्हणजे पिनेलिया टर्नाटा, अ‍ॅरेसी कुळातली. आपले अळू, सुरण, शेवळं आणि सह्याद्रीत पावसाळ्यात फणा काढून उभा राहणारा सापकांदा, ही सगळी याच कुळातली भावंडं. एवढं सांगितल्यावर कोकणातल्या कुणालाही पुढचं निम्मं उत्तर आपोआप कळेल. कंद लहान, गोलसर, साधारण सेंटिमीटरभर व्यासाचा. साल काढून वाळवला की पांढरा, पिठूळ. गान्सू, सिचुआन, हुबेई या प्रांतांतून तो येतो. कफ आणि उलटी यांवर चीनमध्ये त्याचा वापर फार जुना. तिसऱ्या शतकाच्या सुमारास चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांच्या योगांत बान्शिया पुन्हापुन्हा येतो, तोही ‘धुतलेला’ अशा सूचनेसह, आणि बरेचदा आल्याच्या जोडीने. कच्चा कंद त्रास देतो हे तेव्हाच माहीत होतं. आजही कच्चा बान्शिया चीनच्या १९८८ च्या नियमावलीतल्या २८ विषारी औषधद्रव्यांच्या यादीत आहे. पोटात घ्यायचा तो प्रक्रिया केलेलाच.

प्रयोगशाळेत जाण्याआधी एक गोष्ट विचारायची असते आणि ती फार कमी लोक विचारतात: हात लागल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला? या एका उत्तराने निम्मे संशयित गळतात. काही सेकंदांत किंवा मिनिटांत टोचल्यासारखं, चुरचुरल्यासारखं झालं आणि हात चोळल्यावर ते वाढलं, तर टोचणारं काहीतरी आहे असं धरा. काही तासांनी त्वचा लाल होऊन सुजली, तर जमालगोट्यासारख्या द्रव्याचा संशय घ्या. एक-दोन दिवसांनी खाजरं, पाणी धरणारं पुरळ आलं आणि याआधीही कधी हात लागला होता, तर ॲलर्जी. आपल्याकडचा बिब्बा आणि तिकडची लाखेच्या झाडाची राळ ही त्याची नेहमीची उदाहरणं. उन्हात गेल्यावरच, उघड्या भागावरच त्रास झाला आणि मागे काळे डाग राहिले, तर सोरालेन शोधा. चिनी ‘बूगूझी’ म्हणजे आपली बावचीच. तुम्ही लिहिलं आहे की कुटता कुटताच हात चुरचुरले. म्हणजे पहिला प्रकार.

जमालगोट्याचं उदाहरण थोडं लांबवतो, कारण तुमची रीत तिथे अगदी योग्य ठरली असती. चिनी ‘बादोउ’ म्हणजे क्रोटॉन टिग्लियम, आपला जमालगोटा. त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात हे शतकानुशतकं माहीत होतं. जर्मनीत हायडेलबर्ग इथे एरिच हेकर यांच्या गटाने तेलाचे भाग पाडत, प्रत्येक भाग उंदराच्या कानावर लावून लाली मोजत, फोर्बॉल एस्टर वेगळे केले. त्यांतलं सर्वांत जहाल म्हणजे टीपीए. फोर्बॉलची रचना १९६७ मध्ये पक्की झाली. पुढे १९८२ मध्ये टीपीए प्रोटीन कायनेज-सी या एन्झाइमला थेट चालना देतं हे दिसलं आणि पेशीविज्ञानाला एक मोठं हत्यार मिळालं. ते संयुग तेलात विरघळणारं होतं, म्हणून भागाभागातून त्याचा माग काढता आला. गान्सुई नावाचं युफोर्बियाचं मूळ असेल तरी हीच रीत चालेल. तिथे इन्जेनॉल गटातली डायटर्पीन्स सापडतात. बान्शियात मात्र ही वाट धरली की माणूस वर्षानुवर्षं फिरत राहतो.

लोक फिरलेही. जुन्या साहित्यात बान्शियाच्या झोंबणाऱ्या घटकांत होमोजेन्टिसिक आम्ल आणि ३,४-डायहायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइडचं ग्लुकोसाइड यांची नावं येतात. ही संयुगं कंदात आहेत, विरघळतात, एचपीएलसीवर छान दिसतात. तुमच्या पीक्समध्येही असतील. पण दिसणं वेगळं आणि दोषी असणं वेगळं. होमोजेन्टिसिक आम्ल माणसाच्या शरीरातही तयार होतं. अल्कॅप्टोन्युरिया या जन्मजात विकारात ते रोज काही ग्रॅम लघवीतून बाहेर पडतं आणि हवेत राहिल्यावर लघवी काळी पडते. या रुग्णांचे सांधे आणि कूर्चा खराब होतात, घशाला सुया टोचल्याची तक्रार ते करत नाहीत. हा काही अंतिम पुरावा नव्हे, पण कंदातल्या इवल्याशा प्रमाणावर एवढा आरोप ठेवताना इतका विचार करायला हरकत नव्हती.

मग सुरुवात कुठून करायची? अगदी साध्या चाचणीपासून. कच्ची भुकटी पाण्यात ढवळा, तिचे दोन भाग करा. एक भाग तसाच गढूळ ठेवा, दुसरा सेंट्रीफ्यूज करून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. दोन्हींची दाहकता एकाच पद्धतीने तपासा. गढूळ भाग झोंबला आणि गाळलेला जवळजवळ शांत राहिला, तर विरघळलेल्या संयुगांचा माग सोडून द्या. जपानच्या काम्पो वैद्यकातला अनुभवही इथे उपयोगी पडतो. जपानी औषधसंहितेतला बान्शिया, तिकडचा ‘हांगे’, फक्त साल काढून वाळवलेला असतो, तुरटीत भिजवलेला नसतो. तरी त्याचा उकळून गाळलेला काढा लोक पितात. तोच कंद भुकटी करून घेतला तर घशाला झोंबतो. उकळणं आणि गाळणं या दोन गोष्टी मधे आल्या की त्रास जातो. कोणती गोष्ट किती काम करते ते पुढे पाहू.

आता सूक्ष्मदर्शक. चिमूटभर भुकटी ग्लिसरीन-पाण्यात घेतली तर सगळीकडे स्टार्चच दिसेल: २ ते २० मायक्रोमीटरचे गोल कण, ध्रुवित प्रकाशात प्रत्येकावर काळा क्रॉस. हे बाजूला काढायला स्लाइड क्लोरल हायड्रेटमध्ये गरम करा. स्टार्च फुगून नाहीसा होतो आणि मागे उरतात त्या सुया. लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या, काही जुडीने एका बुळबुळीत पेशीत बांधलेल्या, काही सुट्या विखुरलेल्या. चिनी औषधसंहिता त्यांची लांबी २० ते १४४ मायक्रोमीटर सांगते. ध्रुवित प्रकाशात त्या झगझगीत उजळतात. यांना रॅफाइड म्हणतात, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक.

त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्याच आहेत हे दाखवायला महागडं काही लागत नाही. ॲसेटिक आम्लात त्या विरघळत नाहीत. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतात, पण बुडबुडे न येता. बुडबुडे आले असते तर कार्बोनेट. सल्फ्युरिक आम्लाचा थेंब सोडला तर त्यांच्या जागी जिप्समचे वेगळेच स्फटिक उगवतात. बी. फार्मच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवलेली चाचणी आहे, पण पीएच. डी. होईपर्यंत ती विसरलेली असते. पुढे अहवालात हवंच असेल तर एफटीआयआरमध्ये (अवरक्त प्रकाशाच्या चाचणीत) १६२० आणि १३१७ सेमी⁻¹ च्या आसपासचे पट्टे आणि एक्स-रे विवर्तनात १४.९ आणि २४.४ अंशांच्या रेषा द्या. मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा एक रेणू धरून असलेलं ऑक्झलेट, असल्याची खूण त्यात मिळते.

इथे बरेच जण एकूण ऑक्झलेट मोजतात आणि ‘जितकं ऑक्झलेट, तितकी खाज’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो चुकीचा आहे आणि चुकीचा का, ते प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. दात खरखरीत होतात, पण पालक निवडताना कुणाचे हात खाजत नाहीत. तिथलं ऑक्झलेट एक तर विरघळलेलं असतं, नाहीतर वाळूसारख्या किंवा गुच्छाकार खड्यांच्या रूपात. आकार सुईचा नाही. म्हणून बान्शियाच्या नमुन्यात एकूण ऑक्झलेटचा आकडा देऊन काही साधत नाही. द्यायचाच तर आम्लात विरघळणारं वजा पाण्यात विरघळणारं, असा न विरघळणाऱ्या भागाचा आकडा द्या आणि सोबत दर मिलिग्रॅम भुकटीत अखंड सुया किती ते मोजून लिहा. अखंड हा शब्द महत्त्वाचा. नमुना बॉल मिलमध्ये फार बारीक दळला की सुया तुटतात, ऑक्झलेटचा आकडा तोच राहतो आणि दाहकता मात्र बदलते.

पण नुसत्या सुयांनीही भागत नाही. अळू किंवा सुरण शिजवल्यानंतर भाजीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सुया तिथेच असतात, बऱ्याचशा धडधाकट. तरी नीट शिजलेली भाजी खाजवत नाही. म्हणजे उष्णतेने काहीतरी मेलं आणि स्फटिक काही उष्णतेने मरत नाही. संशय प्रथिनावर जातो. १९९९ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी अळूच्या सुयांवर सुमारे २६ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) एक दाहक प्रथिन असल्याचं दाखवलं आणि ते प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम असावं असं मांडलं. सुयांवरून ते काढून टाकलं की सुया निरुपद्रवी होतात. बान्शियात दुसऱ्या जातीचं प्रथिन पुढे येतं: लेक्टिन, मॅनोज साखर ओळखून पेशींना चिकटणारं, त्याचा एक उपघटक सुमारे १२ किलोडाल्टनचा. नानजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठातल्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलं आहे. सुया ऊतीत घुसतात, त्यांच्यासोबत लेक्टिन आत जातं, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी भडकतात, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१-बीटासारखे दाहाचे निरोप सुटतात आणि न्यूट्रोफिल पेशी धावत येतात. इंजेक्शनच समजा: सुई भोक पाडते, त्रास देतं ते सुईसोबत आत गेलेलं द्रव्य. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या सुयांच्या अंगावर लांब खाचा दिसतात. खाचेत प्रथिन बसायला जागाच जागा.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, म्हणजे हे सिद्ध कसं करायचं. माझ्या मते सगळ्या साहित्यातला सर्वांत स्वच्छ प्रयोग बान्शियावर झालेलाच नाही. २०१४ मध्ये जपानमध्ये कोन्नो आणि सहकाऱ्यांनी किवी फळाच्या रॅफाइड सुया आणि सिस्टीन प्रोटीएज एरी रेशीमकिड्याच्या अळ्यांना पानांवर लावून दिल्या. नुसत्या सुयांनी फारसं काही झालं नाही. नुसत्या एन्झाइमनेही नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर अळ्या मेल्या. आणि सुईच्या जागी आकारहीन कॅल्शियम ऑक्झलेट एन्झाइमसोबत दिलं, तर तो परिणाम आला नाही. रसायन तेच, आकार गेला, परिणाम गेला. हा प्रयोग किड्यांवरचा आहे, माणसाच्या त्वचेवरचा नाही, हे विसरू नका. पण त्याची आखणी मात्र जशीच्या तशी उचला.

बान्शियासाठी ती अशी बसवता येईल. सुया वेगळ्या करायला घनतेचा आधार घ्या. कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटची घनता २.२ च्या आसपास, स्टार्चची १.५, सीझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात सेंट्रीफ्यूज केलं की स्टार्च वर तरंगतो, सुया तळाशी बसतात. जपानी कामात आणखी एक मजेशीर मार्ग सापडतो: पेट्रोलियम ईथर घालून हलवल्यावर झोंबणाऱ्या सुया ईथरच्या थरात चढतात. शुद्ध कॅल्शियम ऑक्झलेट असं कधी करणार नाही. म्हणजे सुईच्या अंगावर तेलकट स्वभावाचं काहीतरी आहे. ही हलवायची चाचणी मला फार आवडते. फक्त ईथर पेट घेतं, तेव्हा आच आणि ठिणगी लांब ठेवा.

सुया हाती आल्या की त्यांचे वाटे पाडा. एक वाटा तसाच. एक ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आणि मग एसडीएसने (साबणासारखं द्रव्य) धुऊन उघडा केलेला. नंतर एसडीएसचा शेवटचा थेंबही जाईपर्यंत धुवा, कारण एसडीएस स्वतःच त्वचेला त्रास देतं आणि इथे अनेकांचे निकाल बिघडतात. एक वाटा पाण्यात उकळलेला. धुवणाचं पाणी फेकू नका, एसडीएस-पेजवर, म्हणजे प्रथिनं आकारमानानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर, चालवा आणि १२ किलोडाल्टनच्या आसपास पट्टा येतो का ते बघा. पट्टा आला तर ते लेक्टिन आहे का हे सशाच्या तांबड्या पेशींवर तपासता येतं: पेशी गोळा होतात का, आणि मॅनोज असलेली साखळी घातल्यावर ते गोळा होणं थांबतं का. मग उघड्या सुयांना हे प्रथिन परत लावा. दाहकता परत आली तरच साखळी पूर्ण झाली. परत आली नाही, तर तुम्ही फक्त एवढंच दाखवलं आहे की धुतल्याने काहीतरी जातं.

कंदावरच्या जुन्या प्रक्रियासुद्धा पुरावा म्हणून वाचता येतात. मला तर त्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या निकालांपेक्षा बोलक्या वाटतात. प्रक्रिया केलेल्या बान्शियाचे तीन प्रकार आहेत. त्यांतला छिंग बान्शिया ८ टक्के तुरटीच्या पाण्यात भिजवतात, आतला कोरडा गाभा नाहीसा होईपर्यंत. १०० किलो कंदांना २० किलो तुरटी. तुरटीचं पाणी आंबट, आणि त्यातलं ॲल्युमिनियम ऑक्झलेटला घट्ट धरतं. कॅल्शियम सुटतं, सुई विरत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली आधीच्या आणि नंतरच्या कंदातल्या सुया मोजल्यात तर हे तुम्हालाही दिसेल. फा बान्शियाची रीत उलट्या टोकाची: ज्येष्ठमधाचा काढा आणि चुनकळी, पीएच १२ च्या वर राखायचा. एवढ्या क्षारात प्रथिन टिकत नाही. तिसरी जियांग बान्शिया, आलं आणि तुरटीची. १०० किलोला आलं २५ आणि तुरटी साडेबारा. आलं एकटं काय करतं यावर अजून वाद आहे. आल्यातली द्रव्यं दाहाची प्रतिक्रिया दाबतात असं एका बाजूचं म्हणणं. आल्याच्या अर्काचा तेलकट अंश आणि आंबटपणा सुईच्या अंगावरच काम करतो असं दुसऱ्या बाजूचं. मला दोन्ही शक्य वाटतं.

म्हणजे एक प्रक्रिया सुई मारते, दुसरी सुईवरचं प्रथिन मारते, आणि दोन्हींनी कंद सौम्य होतो. दोघांचीही गरज आहे याला याहून चांगला आधार कुठला? एकट्या प्रथिनाने किंवा एकट्या सुईने त्रास होत असता, तर या दोनांपैकी एका पद्धतीचा कंद खाजवत राहिला असता.

आपल्याकडच्या चिंच, कोकम आणि काकडं यांच्याबद्दलही एक शब्द, कारण हा प्रश्न हमखास येतो. रायगड-ठाण्याकडे शेवळाची भाजी काकडं घातल्याशिवाय होत नाही आणि अळूला चिंच लागतेच. ‘आंबटाने ऑक्झलेट विरघळतं’ असं सगळीकडे लिहिलेलं आढळतं. मी ते तसंच्या तसं मानत नाही. ॲसेटिक आम्लात न विरघळणारा स्फटिक चिंचेच्या कोळात अर्ध्या तासात विरघळून जाईल, हे रसायनाला धरून नाही. आंबट आणि उकळी मिळून प्रथिनाचं काम संपवतात, हे अधिक पटतं. करून पाहायला सोपं आहे: चिंचेसह आणि चिंचेशिवाय शिजवलेल्या शेवळातल्या सुया मोजा. एखाद्या एम. फार्मच्या विद्यार्थ्याने हे जरूर करावं. चिनी कंद मागवायचा खर्चही वाचेल.

दाहकता मोजायची कशी, यावर थोडं सावध. चाखून बघणं नको. चिनी संहितेतही तुरटीत भिजवणं कधी थांबवायचं याची खूण ‘जिभेला किंचित बधिरपणा’ अशी दिलेली आहे आणि जुने कारागीर तसं पाहत. पण ती प्रक्रिया संपत आलेल्या कंदासाठी आहे, कच्च्यासाठी नाही. कच्चा बान्शिया तोंडात घातला तर जीभ आणि घसा सुजू शकतो, आवाज बसतो, श्वासही अडू शकतो. चिनी कामांत सशाच्या डोळ्यावर किंवा उंदराच्या उदरपोकळीत सुया मिसळलेलं द्रव देऊन सूज मोजलेली आढळते. तुम्हाला प्राण्यांशिवाय करायचं असेल तर मॅक्रोफेज पेशींवर सायटोकाइन, म्हणजे वर सांगितलेले दाहाचे निरोप, मोजा. कृत्रिम मानवी बाह्यत्वचेवरची ओईसीडी ४३९ ही चाचणी आज सगळे सुचवतात. इथे मी तिच्यावर विसंबणार नाही. ती द्रव्य त्वचेवर शांतपणे ठेवते आणि पेशी किती जगल्या ते रंगाने मोजते. रॅफाइडला आत जायला दाब आणि चोळणं लागतं. नुसत्या ठेवलेल्या सुया वरच्या मृत थरावर आडव्या पडून राहतील आणि ‘दाहक नाही’ असा निकाल येईल, तुमचे हात काही म्हणोत. ती चाचणी विरघळणाऱ्या रसायनांसाठी उत्तम आहे, म्हणून जमालगोट्याला लावा.

कुटणाऱ्या माणसाला खरंच ॲलर्जी झाली आहे का, हे त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून ठरवा. नुसता दाह असेल तर पट्टी काढल्यानंतर लाली उतरत जाते. ॲलर्जी असेल तर ४८ तासांपेक्षा ९६ तासांच्या तपासणीत ती वाढलेली दिसते. कच्ची भुकटी मात्र तशीच पट्टीखाली ठेवायला देऊ नका. सुया सगळ्यांनाच टोचतात, खोटा होकार येईल.

एवढं करूनही सुयांवर आरोप बसला नाही, तर नमुना बान्शियाच आहे का ते पुन्हा बघा. बाजारात ‘श्वेबान्शिया’ नावाने टायफोनियमचा कंद त्याच्या जागी खपतो. तो शंकूसारखा, तळाशी टोकदार असतो. खरा बान्शिया गोल, वर मधोमध खळगा आणि खळग्याभोवती मुळांच्या ठिपक्यांचा दाट वेढा. टायफोनियमही त्याच कुळातला, त्यामुळे सुया त्यातही मिळतात आणि खाजवतोही. पण दुसऱ्या वनस्पतीचं विश्लेषण बान्शियाच्या नावावर छापू नका. आणि हे कंद बाजूला ठेवून इतर द्रव्यांकडे गेलात, तर एवढं ध्यानात घ्या की द्रावकच पुरावा पुसून टाकू शकतो. मोहरीचं झोंबणारं आयसोथायोसायनेट दाणा पाण्यात चुरडल्यावर एन्झाइमने तयार होतं. दाणे थेट गरम मिथेनॉलमध्ये टाकले तर एन्झाइम मरतो आणि संयुग जन्मालाच येत नाही. मोरवेलीच्या जातभाईंमध्ये ताज्या रसात प्रोटोॲनेमोनिन त्वचा भाजतं. वाळवलं की त्याची जोडी जमून ॲनेमोनिन होतं आणि धार जाते. ताज्याने त्रास झाला असेल तर वाळलेलं तपासून काही हाती लागणार नाही.

काम करताना हातमोजे घाला, मास्क लावा, डोळ्यांना चष्मा, आणि कंद उघड्या पंख्याखाली कुटू नका. तिकडे साल काढणारे लोक हातांना आल्याचा रस किंवा तेल लावतात, आपल्याकडे सुरण चिरताना लावतात तसं. प्रयोगशाळेत त्यावर भागवू नका. चुरचुर सुरू झाली तर चोळू नका, चोळल्याने सुया आत जातात. आधी चिकटपट्टी हलकेच लावून उचला, मग वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आणि तो मिथेनॉल अर्क फेकू नका. फिल्टर पेपर अजून टोपलीत असेल तर तोही काढा. त्यावरचा गाळ पाण्यात सोडून एक स्लाइड क्लोरल हायड्रेटमध्ये बनवा आणि ध्रुवित प्रकाशात फोटो घ्या, मोजपट्टीसह. फोटो पाठवाल तर सुया अखंड आहेत की दळताना तुटल्या, एवढं तरी मी सांगू शकेन. पुढे ट्रिप्सिन किती लावायचं ते त्यावर ठरवू.